मुरीथीचा डावा डोळा

स्योम्बुआ माइंगी दुकानात आली की काउंटरवरच्या चकचकीत एअरब्रशांचं कौतुक करत बसत नाही. "सुई काढून दे," एवढंच म्हणते. एअरब्रश दिसायला जाड पेनासारखा असतो, पण त्याच्या पोटातून एक लांब सुई जाते आणि तिचं टोक मोहरीच्या दाण्याएवढ्या नोझलमध्ये जाऊन बसतं. सगळा खेळ त्या दोघांचा. स्योम्बुआ सुई काचेवर ठेवते आणि एका बोटानं लाटण्यासारखी फिरवते. टोक जरा थरथरलं की सुई परत. मग नोझल उजेडासमोर धरून, एक डोळा मिटून आत बघते. भोक नीट गोल असेल तर "हं". नसेल तर पिशवी उचलते आणि चालू लागते. या परमुलखात, किरिन्यागा रोडवर, आम्ही सत्तावीस वर्षं रंगाचं आणि हत्यारांचं दुकान चालवतोय. असं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

ती कितुईकडची. वडील लाकूड कोरायचे. मुलीनं लाकूड सोडून रंग धरला, म्हणून ते दोन वर्षं बोलले नव्हते असं ती हसत सांगते. सुरुवातीला न्हाव्यांच्या दुकानांवरच्या पाट्या रंगवायची, निरनिराळ्या केसांची डोकी काढून. मग कारिओबांगीला ओडेरोच्या शेडमध्ये लागली. तिथे मटाटू, म्हणजे इथल्या खाजगी प्रवासी बस, रंगतात. कोरी पांढरी बस आत जाते आणि तीन आठवड्यांनी अशी नटून बाहेर येते की रस्त्यावरची माणसं दुसरी गाडी सोडून तिच्यात चढतात. पाठीवर मोठा चेहरा असतो. कुणी गाणारा, कुणी फुटबॉलवाला, कुणाचा आवडता पुढारी. ओडेरोच्या शेडमधले चेहरे गेली सोळा वर्षं स्योम्बुआ काढत होती. खाली नाव मात्र ओडेरोचं.

यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. शेडचा तसा रिवाजच आहे. चित्राखाली नाव पडतं ते ज्याच्या हत्यारानं चित्र झालं त्याचं. हात कुणाचेही असोत. एअरब्रश ओडेरोचा, म्हणून सही ओडेरोची. आणि एअरब्रश तिथे कुणी कुणाला उसना देत नाही. सुई एका हाताला सरावते, दुसऱ्या हातात गेली की वाकते, असं सगळे मानतात. ओडेरो तिला द्यायचा तेव्हासुद्धा स्वतःच्या कप्प्यातून काढून द्यायचा आणि संध्याकाळी मोजल्यासारखा परत घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतःचा घेतला. माझ्याकडूनच. वर वाटी असलेला, अगदी बारीक सुईचा. त्यावर तिनं हात बसवला. पेट्रोलच्या टाक्यांवर, हेल्मेटवर, रविवारी चर्चच्या पाटीवर. बसचा चेहरा मात्र तिच्या हत्याराला मिळाला नव्हता.

तो मिळाला गाथोनीमुळे.

गाथोनीचा भाऊ मुरीथी रोंगाईच्या रस्त्यावर अकरा वर्षं गाडी चालवत होता. गेल्या वर्षी मूत्रपिंडाच्या आजारानं गेला. गाथोनीनं नवी बस घेतली आणि पाठीवर भावाचा चेहरा हवा म्हणाली. मुरीथी शेडमध्ये यायचा, चपाती आणि मक्या-घेवड्याची गिथेरी खात तासन्‌तास बघत बसायचा, तेव्हा चेहरे कोण काढतं हे त्यानं घरी सांगून ठेवलं होतं. गाथोनी सरळ ओडेरोला म्हणाली, "चेहरा ती काढणार, नाव तिचं लागणार. नाहीतर मी बस दुसरीकडे नेते."

ओडेरो वाईट माणूस नाही. जिभेला धार आहे, एवढंच. तो म्हणाला, "लागू दे. पण तिच्या हत्यारानं. आणि ऐक स्योम्बुआ, चेहरा पास झाला तर इथून पुढे प्रत्येक चेहऱ्याखाली तुझं नाव. नाही झाला तर हा विषय माझ्यासमोर परत काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," स्योम्बुआ म्हणाली.

चेहरा पास करणार होती मुरीथीची आई. सगळे तिला शोशो म्हणतात, म्हणजे आजी. ती तर या सगळ्याच्या विरुद्धच होती. "माझ्या लेकाच्या तोंडावर मागच्या गाड्यांचा धूर बसायचा, त्यापेक्षा नसलेला बरा," असं तिचं म्हणणं. गाथोनीनं कशीबशी कबुली मिळवली ती अशी: शुक्रवारी अकराला पाद्री येऊन बससाठी प्रार्थना करणार, तेव्हा शोशो चेहरा बघेल. तिला तो आपला मुरीथी वाटला तर राहील. नाही वाटला तर लगेच पुसायचा आणि वर छापील स्टिकर मारायचा. स्टिकरवाल्याला एक वाजताची वेळ देऊनही ठेवली होती. शनिवारी बस रस्त्यावर.

बुधवारी सकाळी मी देवापुढे उदबत्ती लावत होते तर स्योम्बुआ दारात उभी. शटर अजून अर्धंच वर होतं, ती वाकून आत आली. इथे वयानं मोठ्या बाईला मामा म्हणतात, म्हणजे आई.

"मामा, माझं नोझल गेलं."

रुमाल उघडून तिनं दाखवलं. मोहरीच्या दाण्याचे दोन तुकडे. अर्धा आटा एअरब्रशच्या तोंडातच अडकला होता. रंग कडेनं झिरपतोय असं वाटून तिनं नोझल पकडीनं आवळलं होतं. ते बोटानं आवळायचं असतं, हे तिनंच माझ्या दुकानात दहा पोरांना शिकवलंय.

"तू? पकडीनं?"

"घाबरले होते गं. कधी नव्हे ते." तिनं खुर्ची ओढली, पण बसली नाही. "दुसरं दे."

दुसरं नव्हतं. मागवलं तर तीन आठवडे. मी डबे उघडून काय काय आहे ते काढायला लागले.

पहिला काढला तो खाली बाटली लावायचा. तिनं हातात घेऊन लगेच ठेवला. "याला रंग खालून वर ओढावा लागतो. त्यासाठी हवा जोरात हवी. जोरात हवा मारली की रंग पसरतो. गाल होतील यानं, कपाळ होईल. पापणी नाही होणार."

दुसरा होता एका हालचालीचा. बटण दाबलं की हवा आणि रंग दोन्ही एकदम. तिनं बघितलासुद्धा नाही. "हा कुंपण रंगवायला."

"मग हा?" मी नवा डबा उघडला. गेल्याच महिन्यात आलेले तीन नग होते. वर वाटी, सुई बारीक, हाताला हलके, सोनेरी मुलामा. केकवाल्या आणि नखं रंगवणाऱ्या बायका नेतात. बटण दाबलं की फक्त हवा, मागे ओढलं की रंग, जितकं ओढाल तितका. तिच्या जुन्यासारखंच.

स्योम्बुआनं सुई काढली, काचेवर फिरवली. टोक स्थिर. नोझल उजेडाला धरलं. "हं." मग मला विचारलं, "आत कसा आहे? थिनर चालेल ना?"

आणि मी म्हणाले, "आत सगळ्यांचं सारखंच असतं गं."

हे मी का म्हणाले? मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची मला सवय नव्हती. गिऱ्हाईक घाईत होतं, वस्तू हातात होती. देवाच्या उदबत्तीचा वास अजून दुकानात होता आणि मी न बघितलेल्या गोष्टीची खात्री देऊन टाकली. तिनं डाव्या अंगठ्याच्या नखावर पाण्यातल्या रंगाचा एक ठिपका मारून बघितला. टाचणीच्या टोकाएवढा, गोल. तिचा चेहरा उजळला.

"देव तुझं भलं करो, मामा," म्हणाली आणि पळालीच.

गुरुवारी साडेनऊला फोन आला. आवाज अगदी हळू, जवळ कुणी झोपलेलं असावं तसा.

"मामा, बटण परत येत नाही."

"परत येत नाही म्हणजे?"

"मी बोट सोडलं तरी सुई मागेच राहते. रंग येतच राहतो. डाव्या डोळ्याखाली... मामा, तू ये. तुझ्याकडे जे काही लहानसहान आहे ते सगळं घेऊन ये."

आमच्या ह्यांना गल्ल्यावर बसवलं, रिंगा, स्प्रिंगा, सुट्या सुया, टेपा असलेला खोका आणि तो बाटलीवाला एअरब्रश उचलला आणि मी निघाले. वाटेत नामस्मरण करावं म्हटलं तर तेही धड होईना. सारखं माझंच वाक्य कानात येत होतं.

शेडमध्ये बस शेपटी उजेडाकडे करून उभी होती. पाठीवर मुरीथी. मी त्याला दोनतीनदा दुकानात पाहिलं होतं, आणि तो होता. नाकपुड्या, कानाची वाकडी पाळी, मानेवर उघडा शर्ट. उजवा डोळा असा की आपण बाजूला सरकलो तरी बघत राहावा. आणि डाव्या डोळ्याखाली काळपट लाल ओघळ, माझ्या तळहाताएवढा.

स्योम्बुआ नेहमी डोळे आधी काढते. डोळे बसले नाहीत तर बाकीचं करून काय, असं तिचं म्हणणं. या वेळीही दोन्ही डोळे आधीच बसले होते, पण डाव्याखालची सावली देताना घात झाला. एरवी प्रत्येक टप्प्यावर ती पारदर्शक लॅकरचा एक हात देते, म्हणजे वरचं चुकलं तरी खालचं सुरक्षित राहतं. काल घाईत तिनं तो दिला नव्हता. आता थिनरनं पुसलं तर ओघळाबरोबर अर्धा गालही गेला असता.

ओडेरो स्टुलावर बसून चहा पीत होता. रंगाचं दुकान म्हणून तो मला मामा रंगी, रंगवाली मामा, म्हणतो. मला बघून म्हणाला, "या मामा रंगी. तुमच्या केकच्या हत्यारानं आमचा ड्रायव्हर रडायला लागलाय बघा."

"फुंडी, गप बस," स्योम्बुआ म्हणाली. फुंडी म्हणजे कारागीर. ती त्याला कायम तसंच म्हणते, रागातही.

मी म्हटलं, "उघड बघू तो."

तिनं एअरब्रश उघडला. सुई ओढली तर येईना. पिळून पिळून बाहेर काढावी लागली. मग बटणाच्या भोकातून लांब पेचकस घालून तिनं आतला पोकळ स्क्रू सोडवला आणि त्याच्यामागून एक काळी रिंग टोकरून काढली. रंग मागे येऊ नये म्हणून सुईभोवती ती रिंग असते. ही भिजलेल्या चण्यासारखी फुगली होती. नखानं दाबली तर कुस्करली.

"रबर," स्योम्बुआ म्हणाली. "साधं रबर. पाण्याच्या रंगासाठी. थिनर पिऊन फुगलं आणि सुईचा गळा धरला."

ती माझ्याकडे बघत नव्हती. त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी सांगितलं होतं तुला, आत सारखंच असतं म्हणून," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं स्योम्बुआ. न बघता बोलले."

"हो," ती म्हणाली. "आणि मी न उघडता घेतला. दोघी एका चर्चच्या." मग खोका स्वतःकडे ओढला. "बाकीचे दोन नग?"

"त्याच लॉटमधले."

खोक्यातल्या सगळ्या रिंगा तिनं काढून बघितल्या. एक जाड, एक सैल, एक पुन्हा रबरच. बाटलीवाल्या एअरब्रशमध्ये पांढरी टणक रिंग होती, थिनरला दाद न देणारी. पण ती काढून बसवायला गेली तर अर्ध्या सुताचा फरक. पेचकस टेबलावर ठेवून ती नुसती उभी राहिली.

तेव्हा ओडेरो उठला. आपल्या कप्प्याचं कुलूप काढलं आणि त्याचा एअरब्रश, तो चांगला, जपून वापरायचा, आणून तिच्यासमोर धरला.

"घे. यानं तू डोळे मिटून डोळा काढशील. म्हातारी येईल, बघेल, रडेल. चेहरा वाचेल."

"आणि नाव?"

"नाव हत्याराचं. ते मी बनवलेलं नाही, माझ्या फुंडीच्या वेळेपासून आहे." तो थट्टा करत नव्हता. "स्टिकर लागण्यापेक्षा माझं नाव वाईट आहे का? मुरीथी माझाही दोस्त होता गं."

ते खरं होतं, म्हणूनच तिला जड गेलं. मला वाटलं, घेईल. मीही मनात म्हणत होते, घे बाई, घे. माझ्या चुकीचं ओझं तरी उतरेल. तिनं हात पुढेही केला. एअरब्रशला स्पर्श केला आणि मग हात कमरेच्या फडक्याला पुसला.

"तुझा चांगला आहे, फुंडी," ती म्हणाली. "ठेव आत."

"अगं वेडे, अकरा वाजलेत! उद्या याच वेळेला म्हातारी इथे उभी असेल!"

"मग बोलत नको बसूस, कॉम्प्रेसरमधलं पाणी काढ. मघापासून थेंब मारतोय तो."

ओडेरो पुटपुटत कॉम्प्रेसरकडे गेला. स्योम्बुआनं माझ्या खोक्यातून नळवाल्यांची पांढरी टेप काढली, नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती. तिचा एक तुकडा थिनरच्या वाटीत टाकला आणि आम्ही दोघी बघत बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. टेप फुगली नाही, विरघळली नाही, चिकटही झाली नाही.

"ही नाही पीत," ती म्हणाली.

मग तिनं टेपेची वात वळली. आपण निरांजनाला वळतो तशी, पण केसाएवढी. मी म्हटलं, "आण इकडे, ते मला येतं." आयुष्यभर वाती वळल्यात. चार वाती वळून दिल्या, त्यातली तिसरी तिला पसंत पडली. सुईभोवती अडीच वेढे, वर पोकळ स्क्रू. स्क्रू आवळला की सुई अडायची, सैल सोडला की रंग मागे बटणात यायचा. मधली जागा इतकी लहान की पाच वेळा करून सहाव्यांदा मिळाली. तरीही थोडा रंग मागे येतच होता. तिनं नखावर ठिपका मारला. गोल. बोट सोडलं. सुई परत गेली.

"दर दहा मिनिटांनी उघडून पुसावा लागेल," ती म्हणाली. "पण माझा आहे."

दुपारभर तिनं त्या ओघळाला हात लावला नाही. वाळू दिला. मग सर्वात बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासायला बसली. बाळाच्या गालावरचा भात पुसावा तसं. ओघळ गेला आणि त्याच्याबरोबर डावा डोळाही गेला. मुरीथी एका डोळ्यानं बघत राहिला. या वेळी तिनं उरलेल्या चेहऱ्यावर लॅकरचा हात दिला आणि सहाला शेड बंद झाली. दिव्याखाली ती चेहरा काढत नाही. ट्यूबमध्ये कातडीचा रंग खोटा दिसतो म्हणते.

शुक्रवारी मी साडेसातला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण दुकानात बसवेना. ती आधीच लागली होती. गालाचा उडालेला रंग बाटलीवाल्यानं लांबून धुक्यासारखा भरून झाला होता. आता टेपवाला हातात होता आणि हवा इतकी कमी ठेवली होती की कॉम्प्रेसर चालू आहे की नाही कळत नव्हतं. वाटी वर असल्यामुळे रंग आपल्या वजनानंच खाली येतो, त्याला जोराची हवा लागत नाही. पापणीसाठी तिला तेच हवं होतं. नोझल पत्र्यापासून बोटभर अंतरावर. एक रेघ, थांबायचं. सुई काढायची, पुसायची, वात बघायची, परत घालायची. दुसरी रेघ. तिच्या तर्जनीवरून तपकिरी रंग मनगटापर्यंत आला होता.

दहाला बुबुळ झालं. सव्वादहाला वात सुटली आणि बटणातून रंग भसकन वर आला. चेहऱ्यावर नाही, हातावर. तिनं एअरब्रश झटकन बाजूला घेतला होता. ओडेरो लांबून ओरडला, "माझा कप्पा उघडाच आहे गं!"

"बंद कर मग, उंदीर जातील," ती म्हणाली. मी नवी वात पुढे केली.

अकराला पाच कमी असताना गाथोनीची गाडी दारात थांबली. स्योम्बुआ डोळ्यातला शेवटचा पांढरा ठिपका देत होती, ज्यानं डोळा ओला दिसतो तो. तो दिला, एअरब्रश खाली घेतला आणि बसच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पाठ पत्र्याला टेकवून. चेहऱ्याकडे तिनं बघितलं नाही.

शोशो लहानखुरी. डोक्याला फडकं, हातात काठी, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. पाद्री तिच्या कोपराला धरून चालत होता. तिनं त्याचा हात सोडवला आणि एकटी बसच्या मागे गेली. ओडेरोनं कॉम्प्रेसर बंद केला. मी पदराआड हात जोडले.

शोशो बराच वेळ वर बघत राहिली. मग काठी उगारून पत्र्यावर टकटक केलं, बरोबर मुरीथीच्या गळ्याशी.

"आणि हे काय?" ती मोठ्यानं म्हणाली. "हे काय ध्यान? किती वेळा सांगितलं तुला, गळ्याचं बटण लावत जा. पहाटे निघतोस, छातीत थंडी भरते. ऐकतोस का कधी? आईचं ऐकायचं नाही, गाडीचं ऐकायचं!"

गाथोनीनं तोंडावर हात घेतला. म्हातारी लेकाला रागवतच राहिली, त्यांच्या किकुयू भाषेत, त्याच्या जेवणावरून, कुठल्याशा मुलीवरून. मधेच थांबून नाक पुसलं आणि पुन्हा सुरू झाली. मग आमच्याकडे वळली.

"कोणी काढला?"

स्योम्बुआ पुढे आली. एक हात कोपरापर्यंत तपकिरी.

"शर्टाचं बटण लाव त्याचं," शोशो म्हणाली. "मग पाद्रीबाबांना प्रार्थना करू दे. असा उघड्या गळ्यानं नको."

स्योम्बुआनं मान हलवली. शिडीवर चढली, शर्टाच्या दोन्ही कडा जवळ आणल्या, मध्ये एक बटण काढलं, खाली सावली दिली. मध्ये दोनदा उघडून पुसावं लागलं. शोशो काठीवर हनुवटी टेकून जवळ उभी राहिली आणि "वर घे, अजून वर" असं सांगत राहिली. मग प्रार्थना झाली. पाद्रीनं चाकांसाठी मागितलं, रस्त्यासाठी मागितलं, ड्रायव्हरच्या झोपेसाठीही मागितलं. आपला देव, त्यांचा देव हा हिशोब मी त्या वेळी केला नाही. मीही मागितलं.

गाथोनीनं फोन करून स्टिकरवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "नाव लिही."

स्योम्बुआनं वाटीत काळा रंग घातला. खालच्या कोपऱ्यात लिहायला लागली. एस, वाय, ओ, एम. 'एम'च्या शेवटच्या पायाला वात पुन्हा सुटली, सुई अडकली आणि पाय लांबत खाली ओघळला. तिनं थांबून सुई मोकळी केली आणि पुढचं लिहून पुरं केलं. माइंगी नीट आलं.

ओडेरो शेजारी येऊन वाकून वाचत होता. त्याच्या हातात त्याचा एअरब्रश होता.

"एम लंगडा झालाय," तो म्हणाला. "पुस तेवढं. नावापुरता माझा घे, सरळ येईल. कुणाला सांगणार नाही मी. आईची शपथ."

स्योम्बुआ गुडघ्यावर बसली होती, तशीच त्याच्याकडे बघून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"नावाला तर नकोच, फुंडी," ती म्हणाली. "राहू दे लंगडा."